‘०.४२’ म्हणजे किती? रुग्णालयांच्या इंटरफेसबद्दल एक खुलं पत्र

प्रति,
राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण, नवी दिल्ली
आणि
नॅशनल रिसोर्स सेंटर फॉर ईएचआर स्टँडर्ड्स, सी-डॅक, पुणे

सप्रेम नमस्कार.

मी रुग्णालयांमध्ये इंटरफेस बसवतो. लॅबचं मशीन, लॅबचं सॉफ्टवेअर, रुग्णालयाचं मुख्य सॉफ्टवेअर, बिलिंग, एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या प्रतिमा साठवणारी पॅक्स यंत्रणा, आणि अलीकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशनची जोडणी. या सगळ्यांना एकमेकांशी बोलतं करून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. पंधरा वर्षं हेच करतोय. तुम्ही प्रसिद्ध केलेली मानकं माझ्या लॅपटॉपवर कायम उघडी असतात. २०१३ची ईएचआर (रुग्णाच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींची) मानकं मी छापून घेतली होती, २०१६ची सुधारित आवृत्ती आली तेव्हा जुन्या प्रतीवर लाल पेनाने फरक लिहून काढले होते. त्यामुळे हे पत्र मानकांच्या विरोधातल्या माणसाचं आहे असं कृपया समजू नका. मानक नसतं तर माझं काम दहापट अवघड झालं असतं.

एक रात्र सांगतो. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण थोड्याफार फरकाने हेच मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

पावसाळ्याचा शेवट होता, डेंग्यूचा जोर होता. दीडएकशे खाटांचं रुग्णालय. वॉर्डाबाहेर नातेवाईक सतरंज्या टाकून बसलेले, आणि सिस्टर बाहेर आली की प्रत्येकाचा एकच प्रश्न, “पेशी किती झाल्या?” मी दुसऱ्याच कामासाठी तिथे गेलो होतो. आरएमओंच्या (निवासी डॉक्टरांच्या) टेबलावरच्या स्क्रीनवर अठरा-एकोणीस वर्षांच्या एका मुलाच्या प्लेटलेटचा आलेख उघडा होता. पहिल्या दिवशीचा आकडा १,१२,०००. दुसऱ्या दिवशीचा ७८. त्या संध्याकाळचा ०.४२. रेघ पहिल्या बिंदूपासून थेट तळाला गेली होती आणि तिथेच आडवी पडली होती.

तिन्ही आकडे बरोबर होते. पहिला बाहेरच्या लॅबचा, तिथे एका मायक्रोलिटरमागे किती पेशी ते पूर्ण आकड्यात लिहितात. दुसरा रुग्णालयाच्या मुख्य लॅबमधल्या मोठ्या काउंटरचा, तो हजारात मोजतो, म्हणजे ७८ हजार. तिसरा अपघात विभागातल्या छोट्या मशीनचा, तिथे आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे लाखात लिहितात, म्हणजे ४२ हजार. कागदावरच्या तिन्ही रिपोर्टांवर एकक व्यवस्थित छापलेलं होतं. इंटरफेसमधून आकडा गेला, एकक मागेच राहिलं.

त्याहून वाईट गोष्ट आलेखाच्या बाजूला होती. प्लेटलेट ५० च्या खाली गेल्या की आकडा लाल होईल असं कुणीतरी बसवताना लावून दिलेलं होतं. लावणाऱ्याच्या मनात हजार होते. त्यामुळे अपघात विभागातून येणारा प्रत्येक आकडा लाल होत होता, अगदी ठणठणीत माणसाचा २.१० सुद्धा. आणि बाहेरच्या लॅबमधून ३८,००० आला तर तो काळाच राहत होता. मी सिस्टरना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, कॅज्युअल्टीतून आलेलं सगळंच लाल असतं. आम्ही बघायचं सोडलंय.”

त्या मुलाचा ०.४२ त्या सगळ्या लालांमधला एक लाल होता. लॅबच्या तंत्रज्ञाने नियमाप्रमाणे वॉर्डात फोन केला, बेड नंबर सांगितला आणि “बेचाळीस हजार” असं तोंडाने म्हटलं, तेव्हा डॉक्टर उठले. ज्या निरोपासाठी आम्ही इंटरफेस बसवतो तो निरोप त्या रात्री फोनवरून गेला.

सकाळी मी मेसेज उघडून पाहिले. एचएल-७ (आरोग्याची सॉफ्टवेअरं एकमेकांना ज्या साच्यात निरोप पाठवतात ते मानक) आवृत्ती २ चा अगदी नेहमीचा मेसेज. ओबीएक्स सेगमेंटच्या, म्हणजे निकालाच्या ओळीच्या, पाचव्या फील्डमध्ये (रकान्यात) आकडा, सहावं फील्ड एककाचं, आणि ते रिकामं. सातवं, सामान्य मर्यादेचं, तेही रिकामं. चाचणीच्या ओळखीसाठी लॉइंक या चाचण्यांच्या जागतिक यादीतला कोड हवा, प्लेटलेटसाठी ७७७-३. तिथे लॅबने स्वतःच बनवलेला ‘पीएलटी२’ असा कोड. ‘पीएलटी१’ कुठला आणि ‘पीएलटी२’ कुठला, हे एका एक्सेल फाइलमध्ये होतं. ती फाइल लॅबमधल्या एका संगणकाच्या डेस्कटॉपवर होती, आणि बनवणारा माणूस तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला होता.

एकक का नव्हतं, तेही कळलं. सॉफ्टवेअर बसवताना चाचण्यांची मास्टर यादी भरणाऱ्याने एकक नावातच टाइप केलं होतं, ‘प्लेटलेट काउंट (लाख/क्युमिमी)’ असं. एककाचा वेगळा रकाना त्याने मोकळा सोडला. छापील रिपोर्टवर सगळं नीट दिसत होतं, त्यामुळे कुणाचीच तक्रार नव्हती. रिपोर्ट कागदावर वाचणाऱ्याला दिसत होतं आणि इंटरफेसवरून वाचणाऱ्याला दिसत नव्हतं, एवढाच काय तो प्रकार.

आता मी ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्या मुद्द्याकडे येतो. तो एकक नसलेला मेसेज मानकाप्रमाणे वैध होता. एचएल-७ मध्ये ते फील्ड सक्तीचं नाही. उद्या तोच आकडा फायरमध्ये, म्हणजे एचएल-७ संस्थेच्याच नव्या मानकात, बदलून पाठवला तरी चित्र तेच. मूळ फायर आर-४ मध्ये ऑब्झर्व्हेशनच्या (तपासणीच्या निकालाच्या) नोंदीत सक्तीच्या गोष्टी दोनच, स्थिती आणि कोड. मूल्य ऐच्छिक, मूल्याचं एककही ऐच्छिक. ‘०.४२’ एवढंच पाठवलं तरी मूळ मानकाचा व्हॅलिडेटर (मेसेज तपासणारं सॉफ्टवेअर) हरकत घेणार नाही.

हे असं का आहे ते मला माहीत आहे. एचएल-७ संस्था १९८७ साली उभी राहिली तेव्हा प्रत्येक कंपनीची यंत्रणा आधीच बाजारात होती. सगळ्यांना एका टेबलावर आणायचं तर कुणाला काहीच सक्तीचं करता येत नव्हतं. म्हणून बहुतेक फील्ड ऐच्छिक राहिली, आणि ज्याला वेगळं काही हवं त्याच्यासाठी ‘झेड’ने सुरू होणारे सेगमेंट मोकळे ठेवले. फायरनेही तोच शहाणपणा घेतला: बहुतेक यंत्रणा जे करतात ते गाभ्यात, बाकीचं विस्तारात. ही ढिलाई नसती तर मानक कुणी उचललंच नसतं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण ढिलाई कुठेतरी कोणीतरी आवळायची असते. देशाने आपल्या मार्गदर्शिकेत थोडी आवळायची, आणि उरलेली प्रत्येक रुग्णालयात इंटरफेस बसवताना आवळायची. पहिलं काम तुम्ही केलंय. पुण्यातून निघालेली फायरची मार्गदर्शिका, स्नोमेड सीटी (वैद्यकीय संज्ञांची कोडयादी) देशभर मोफत, औषधांचे कोड, हे सगळं मी रोज वापरतो. दुसरं काम कुणाच्याच नावावर नाही. व्हेंडर म्हणतो रुग्णालयाने सांगावं, रुग्णालय म्हणतं आम्ही ‘मानकाप्रमाणे’ सॉफ्टवेअर घेतलंय. निविदेत ओळ असते, ‘सॉफ्टवेअर एचएल-७ आणि फायर सुसंगत असावे’. समोरून ‘होय’ येतं. ते ‘होय’ खोटंही नसतं.

एकक हा सोपा भाग झाला. माणसाचं नाव आणि जन्मतारीख याहून अवघड आहे, आणि इथे मला वाटतं मानक लिहिणाऱ्यांनी आपल्याकडच्या केसपेपर खिडकीवर चार दिवस बसायला हवं.

आमच्या महाराष्ट्रात साठीपुढच्या माणसांच्या रांगेत उभं राहून जन्मतारीख विचारा. १ जून, १ जून, पुन्हा १ जून. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, घरी तारीख कुणी लिहून ठेवलेली नसायची, मास्तरांनी वय बसेल अशी तारीख घातली. तीच पुढे आधारवर गेली. ज्याच्याकडे कागदच नाही त्याला खिडकीवरची मुलगी नुसतं वय विचारते, सॉफ्टवेअर त्या वयावरून वर्ष काढतं आणि स्वतःच १ जानेवारी जोडतं. मानकात नुसतं वर्ष पाठवायची सोय आहे, एचएल-७ मध्येही आणि फायरमध्येही. पण डेटाबेसचा रकाना पूर्ण तारीख मागतो म्हणून सॉफ्टवेअर ती बनवून टाकतं. पलीकडच्या यंत्रणेला ती खरी वाटते. नाव आणि जन्मतारीख जुळवून एकच माणूस ओळखायचा असा जिथे नियम असतो तिथे एकाच गावातली, एकाच आडनावाची, एकाच तारखेला ‘जन्मलेली’ दोन माणसं एक होतात. मी असं एकत्र झालेलं रेकॉर्ड सोडवून वेगळं केलेलं आहे. त्यात एकाची पेनिसिलीनची अॅलर्जी दुसऱ्याच्या नावावर लागली होती, आणि ज्याला खरंच अॅलर्जी होती त्याच्या पानावर काहीच नव्हतं.

नावाचंही तसंच. मानकात आडनाव आणि नाव यांच्या जागा वेगळ्या. इथे एकच लांब चौकट, तिच्यात ‘श्रीमती’सकट पूर्ण नाव, कधी आडनाव आधी, कधी शेवटी. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं आणि मधलं नावही बदलतं, म्हणजे तीनपैकी दोन तुकडे नवे. पहिल्या बाळंतपणाला माहेरच्या नावाने काढलेला केसपेपर आणि दुसऱ्याला सासरच्या नावाने काढलेला केसपेपर ही सॉफ्टवेअरच्या लेखी दोन माणसं. नुकतं जन्मलेलं बाळ ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव. जुळी असतील तर ‘बेबी १ ऑफ’, ‘बेबी २ ऑफ’. बारशानंतर नाव बदलतं तेव्हा काही ठिकाणी जुन्याच नोंदीत बदलतात, काही ठिकाणी नवी नोंद करतात. लसीकरणाच्या नोंदी कुठल्या बाळाच्या नावावर राहतात हे त्यावर ठरतं.

आणि देवनागरी. मेसेजच्या पहिल्या सेगमेंटमध्ये, अठराव्या फील्डमध्ये, अक्षरसंच कोणता ते सांगायचं असतं. मी उघडलेल्या मेसेजपैकी फार थोड्यांत ते भरलेलं सापडलंय. पलीकडे नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. जिथे पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे, युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट अजून वापरात आहेत, तिथे तर प्रश्नचिन्हंही येत नाहीत. इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गुंता येतो आणि तो वैध मजकूर म्हणून साठवला जातो.

पोचपावतीचा एक प्रकार थोडक्यात सांगतो, कारण तो मला अजून सलतो. मेसेज मिळाला की समोरच्या यंत्रणेने ‘एए’ अशी पावती द्यायची. तिचा अर्थ असा की मेसेज स्वीकारून त्यावरचं काम झालं. एका ठिकाणी सॉफ्टवेअर मेसेज हातात पडताक्षणीच ‘एए’ देत होतं आणि डेटाबेसमध्ये नंतर लिहीत होतं. एका रात्री सर्व्हरची डिस्क भरली. सकाळपर्यंत सगळ्या पावत्या ‘एए’, लॅबच्या बाजूने सगळं पाठवून झालेलं, आणि वॉर्डाच्या स्क्रीनवर एकही रिपोर्ट नाही. आम्ही लॅबच्या लॉगमधून एकेक मेसेज काढून पुन्हा पाठवला. दुपार झाली.

दुरुस्त झालेला रिपोर्ट ही आणखी गंभीर गोष्ट. लॅबकडून चूक होते, चूक लक्षात आल्यावर ती दुरुस्त करून रिपोर्ट पुन्हा देतात, हे लॅबच्या चांगल्या कामाचं लक्षण आहे. मानकात त्यासाठी स्पष्ट खूण आहे: अंतिम रिपोर्टला ‘एफ’, दुरुस्त केलेल्याला ‘सी’. मी पाहिलेल्या कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये ‘सी’ कधी बाहेरच पडत नाही. दुरुस्त आकडा पुन्हा ‘एफ’ म्हणून जातो. घेणारी यंत्रणा त्याला नवा रिपोर्ट समजते. डॉक्टरला एकाच सॅम्पलचे दोन आकडे दिसतात आणि खरा कोणता हे कुठेच लिहिलेलं नसतं. काही ठिकाणी तर फक्त नवी पीडीएफ निघते, इंटरफेसवर जुना आकडा तसाच राहतो.

पीडीएफचा विषय निघालाच आहे. आभा क्रमांकाशी (मिशनच्या आरोग्य ओळख क्रमांकाशी) जोडलेल्या नोंदींमध्ये पीडीएफ जोडायची सोय मानकातच ठेवलेली आहे, आणि ती हवीच. हस्तलिखित डिस्चार्ज कार्ड दुसऱ्या कशाने जाणार? पण ज्या लॅबकडे आकडा आकड्याच्या रूपात, मशीनमधून थेट आलेला, उपलब्ध असतो, तिथेही तो पीडीएफमध्ये बंद करून पाठवला जातो. कारण तेवढ्याने मिशनच्या जोडणीतला एम-२, म्हणजे नोंदी जोडण्याचा, टप्पा पार होतो. २०२३ साली सुरू झालेली डिजिटल हेल्थ इन्सेंटिव्ह योजना जोडलेल्या नोंदींच्या संख्येवर रक्कम देते. त्या योजनेने अनेक छोटी रुग्णालयं या कामात आली, हे मी स्वतः पाहिलंय, आणि ती बंद व्हावी असं मी म्हणणार नाही. माझी विनंती एवढीच की नोंद कशी आहे याचीही किंमत ठरवा. ज्या रिपोर्टमध्ये आकडा, एकक आणि कोड तिन्ही वाचता येतात त्याला जास्त, नुसत्या पीडीएफला कमी. हा फरक सॉफ्टवेअर कंपन्यांपर्यंत एका तिमाहीत पोचेल, मला खात्री आहे.

पण माझी मुख्य मागणी वेगळी आहे, आणि ती नवी नाही. एक्स-रेच्या दुनियेत ती कधीच पूर्ण झालेली आहे. डायकॉम हे वैद्यकीय प्रतिमांचं मानक १९९३चं. त्याचा दुसरा भाग संपूर्णपणे एकाच गोष्टीबद्दल आहे, सुसंगतीचं निवेदन. सीटी मशीन असो, सोनोग्राफी असो, पॅक्स असो, कंपनी एक दस्तऐवज देते, त्यात आपलं यंत्र नेमकं काय पाठवतं, काय घेतं, कोणतं फील्ड कसं भरतं हे लिहिलेलं असतं. मशीन दारात यायच्या आधी मी तो दस्तऐवज वाचतो आणि अडचण कुठे येणार ते आधीच सांगू शकतो. सगळं त्यानेच सुटतं असं नाही, पण वाद घालायला कागद असतो. लॅबच्या आणि रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरसाठी असा कागद मला कुणी आपणहून दिलेला आठवत नाही. मागितला तर मानकाची लिंक पाठवतात. एचएल-७ मध्ये सुसंगतीचा आराखडा लिहायची पद्धत आहे, फायरमध्ये क्षमता-निवेदन आहे. साधनं तयार आहेत, ती भरून द्यायला कुणी सांगितलेलं नाही.

ते तुम्ही सांगा. सॅंडबॉक्समधून (मिशनच्या चाचणी-व्यवस्थेतून) बाहेर पडणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरने आपलं निवेदन जाहीर करावं, आणि ते सॉफ्टवेअर ज्या रुग्णालयात बसेल त्या रुग्णालयाने तिथल्या मांडणीचं वेगळं निवेदन करावं. दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण एकच सॉफ्टवेअर दोन रुग्णालयांत दोन तऱ्हांनी भरलेलं असतं; वर सांगितलेलं एकक कंपनीने गाळलं नव्हतं, बसवणाऱ्याने गाळलं होतं. त्यात फार काही नको. कोणती चाचणी कोणत्या एककात जाते. जन्मतारीख माहीत नसेल तर काय पाठवता. रिपोर्ट दुरुस्त झाला तर काय पाठवता. पावती डेटाबेसमध्ये लिहिण्याआधी देता की नंतर. नाव कसं तोडता. एवढ्या प्रश्नांची खरी उत्तरं दोन पानांत मावतात, आणि ‘पाठवत नाही’ हेसुद्धा उत्तर म्हणून चालेल. मला कळलं की पाठवत नाही, तर मी पलीकडे तशी सोय करीन.

दुसरी विनंती चाचणीच्या डेटाबद्दल. चाचणीसाठी आम्ही सगळे जो नमुन्याचा रुग्ण वापरतो तो फार नीटनेटका असतो. त्याला नाव आणि आडनाव असतं, पूर्ण जन्मतारीख असते, स्वतःचा मोबाइल असतो. खिडकीवर येणाऱ्या कुटुंबात पाच जणांमध्ये मिळून एक मोबाइल असतो आणि तो बहुतेक वेळा मुलाच्या खिशात, दुसऱ्या गावी. तुम्ही खरे मेसेज गोळा करा. मोठ्या शहरातलं एक, जिल्ह्याच्या ठिकाणचं एक, तालुक्याचं एक, सरकारी, खासगी, ट्रस्टचं, अशा रुग्णालयांतून. नावं, नंबर, तारखा बदलून टाका. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात जे बसतं तेवढंच ठेवा. पण खडबडीतपणा घासून काढू नका. १ जून तसाच राहू दे, ‘बेबी २ ऑफ’ राहू दे, लाख राहू दे, रिकामं सहावं फील्ड राहू दे. मग सॉफ्टवेअरला सांगा, हे वाचून दाखव, आणि जे वाचता येत नाही ते वाचता येत नाही म्हणून सांग. एकक नसलेला आकडा मुकाट्याने आलेखावर टाकणारं सॉफ्टवेअर त्या परीक्षेत नापास व्हायला हवं.

आणि मानक लिहिणाऱ्या मंडळींना मनापासून बोलावणं आहे. पुण्यात तुमच्या कार्यालयापासून रिक्षाच्या अंतरावर कितीतरी लॅब आहेत. एखाद्या सोमवारी सकाळी आठ ते अकरा एखाद्या लॅबमध्ये बसा, जेव्हा जांभळ्या झाकणाच्या ट्यूबांचे रॅक एकामागून एक येत असतात, एक बारकोड वाचला जात नाही, आणि तंत्रज्ञ नंबर हाताने टाइप करतो. तो नंबर टाइप करताना एक अंक चुकला तर तुमच्या मानकातलं कोणतं फील्ड ते पकडतं, हे तिथेच बसून बघू. मी बरोबर येईन, लॉग उघडून देईन.

त्या डेंग्यूच्या रात्रीनंतर आम्ही त्या लॅबची मास्टर यादी दुरुस्त केली. तीनशेच्या वर चाचण्या, प्रत्येकीचं एकक नावातून काढून त्याच्या रकान्यात, तिन्ही प्लेटलेट हजारात. पॅथॉलॉजिस्ट मॅडम शेजारी बसून एकेक तपासत होत्या. दोन दुपारी लागल्या. लाल रंगाची मर्यादा पुन्हा लावली आणि वॉर्डात जाऊन सिस्टरना सांगितलं की आता लाल दिसलं तर खरंच बघा. त्या म्हणाल्या, “बघू आठवडाभर, मग विश्वास ठेवू.” मी आठवड्याने पुन्हा गेलो. त्यांनी मला एक वही दाखवली. तिच्यात प्रत्येक लाल आकड्यापुढे लॅबला फोन करून विचारलेला आकडा लिहिला होता, सात दिवसांचा, रात्रपाळीसकट. सगळे जुळत होते.

त्या वहीच्या पानांचे फोटो, रुग्णांची ओळख झाकून, आणि मी आजवर नोंदवून ठेवलेल्या अशा फरकांची यादी तुमच्याकडे पाठवायला मी तयार आहे. कुठे आणि कोणाच्या नावे पाठवायची, तेवढं कळवावं.

कळावे,
आपला,
रुग्णालयांतले इंटरफेस बसवणारा एक तंत्रज्ञ